बांगडी की जोडवं?

हॉस्पिटलातले किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. ते आपोआप साठतात. आत्या ड्यूटीवरून येते, चपला काढते, पाय धुते आणि चहाचा पहिला घोट घेऊन म्हणते, "आज काय झालं माहितीय?" झालं! एक किस्सा वाढला. दुसऱ्या दिवशी आणखी एक. आधीचा किस्सा नव्यासाठी उठून जात नाही. एस.टी.च्या बाकावर माणसं सरकून बसतात तसे सगळे सरकून बसतात.

माझी आत्या सांगलीच्या एका हॉस्पिटलात सीरियस वॉर्डची सिस्टर आहे. मी शाळेसाठी तिच्याकडे राहते, आईबाबा रहिमतपूरला असतात. क्वार्टरची किल्ली एकच आणि ती आत्याच्या कमरेला, म्हणून शाळा सुटली की मी वॉर्डाच्या व्हरांड्यातल्या बाकावर अभ्यास करत बसते. बाकावर गप्प बसलेल्या मुलीसमोर लोक काहीही बोलतात. त्यामुळे यातले काही किस्से आत्याने सांगितलेले आहेत आणि काही मी स्वतः पाहिलेले.

बहुतेक किस्से एकाच हंगामातले आहेत. त्या वर्षी द्राक्षं उतरायला लागली तेव्हा वॉर्डात शेजारशेजारच्या खाटांवर दोन माणसं होती. दाराजवळच्या खाटेवर बिरू, आटपाडीकडचा मेंढपाळ. खिडकीजवळच्या खाटेवर दिनकरराव, तासगावचे द्राक्षबागाईतदार. दोघांच्याही अंगात बुरशी शिरली होती. दिनकररावांच्या रक्तात, बिरूच्या मेंदूच्या आवरणात. दिनकरराव उठून बसायचे, बोलायचे, शेजाऱ्यांच्या चौकशा करायचे. बिरू मात्र मान ताठ करून, डोळे मिटून पडलेला असायचा. हाक मारली तर कधी ओ द्यायचा, कधी नाही.

औषध दोघांना एकच होतं, मुंबईला ट्रंक कॉल करून मागवलेलं. डॉक्टर बर्वे आत्याला म्हणाले होते, "हे लागू पडलं तर बिरू वाचेल. नाही पडलं तर आपल्याकडे दुसरं काही नाही."

बिरूची बायको हिराबाई तेव्हा दारातच उभी होती.

*

अंगात बुरशी होते ही गोष्ट पटवून देणं हेच पहिलं काम होतं.

डॉक्टर बर्वे तरुण होते, मुंबईला शिकून आलेले. त्यांनी हिराबाईला सोप्या भाषेत सगळं समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आवं डाक्टर, बुरशी शिळ्या भाकरीला लागती. झाकून ठेवल्याली असली तर. ह्यो माणूस तर जलमात कवा घरात बसला न्हाई. समदा जलम उन्हात!"

डॉक्टर खिडकीजवळच्या खाटेकडे वळले.

दिनकररावांना मात्र लगेच समजलं. "म्हणजे द्राक्षावर भुरी येती, तसंच की!"

"अगदी बरोबर!" डॉक्टर खूश झाले. "भुरी म्हणजेही बुरशीच."

"मग सोपं हाय. मारा औषध." दिनकरराव आडवे झाले आणि त्यांनी अंगावर पांघरूण ओढलं. मग काहीतरी आठवून पुन्हा डोकं बाहेर काढलं. "फकस्त एक करा डॉक्टर. पानाच्या खालच्या अंगानं मारा. वरनं मारून काय बी उपेग होत न्हाई!"

*

त्या औषधाला उजेड चालत नाही. म्हणून बाटली टांगली की आत्या तिच्याभोवती एक्स-रेच्या फिल्मबरोबर येतो तो काळा कागद गुंडाळायची. बाकीच्या सगळ्या खाटांवर काचेच्या स्वच्छ बाटल्या आणि या दोन खाटांवर काळी बोचकी! भेटायला येणाऱ्यांना ते बघवायचं नाही. तासगावहून आलेला एक पाहुणा तर कागदाचं टोक उचलून आत डोकावतच होता.

"हात काढा!" आत्या ओरडली.

"आवं सिस्टर, बघू तरी द्या. एवढं झाकून काय देताय आमच्या माणसाला?"

"उजेड लागला तर औषध बिघडतं."

दिनकररावांची बायको आक्काताई तिथेच बसली होती. नाकीडोळी ठसठशीत, मोठं कुंकू, डोक्यावरचा पदर कधी हलायचा नाही. तिने पाहुण्याला खाली बसवलं. म्हणाली, "बघू नगा भावजी. औषध घरंदाज हाय."

*

हे औषध फार हळूहळू द्यावं लागतं आणि देताना थंडी भरून येते. बिरूला तर अशी यायची की लोखंडी खाट फरशीवर वाजायची. आत्या हॉस्पिटलची लाल ब्लँकेटं एकावर एक टाकायची, तरी हुडहुडी थांबायची नाही. शेवटी हिराबाईने बोचक्यातून काळं घोंगडं काढलं.

"बाहेरचं पांघरूण वॉर्डात चालत नाही," आत्या म्हणाली. तसा नियमच आहे.

"हे भाईरचं न्हाई सिस्टर. ह्येच्याच मेंढरांचं हाय."

आत्याने दुसरीकडे तोंड वळवलं आणि घोंगडं राहिलं.

दिनकररावांना मात्र थंडी वाजेना. तेच औषध, तशीच बाटली, पण त्यांच्या अंगावर साधा काटाही येत नव्हता. ते आरामात पडून द्राक्षाच्या भावाबद्दल बोलायचे. पहिले दोनचार दिवस आक्काताईने सहन केलं. मग ती डॉक्टरांसमोर जाऊन उभी राहिली.

"त्या धनगराला बघा कसं औषध चढतंय! खाट नाचतीया नुसती. आन आमचं माणूस बघा, थंड. आमच्या बाटलीत पाणी घालताय व्हय?"

डॉक्टरांनी सांगितलं की थंडी वाजणं ही काही औषधाची ताकद नव्हे. ज्याचं त्याचं शरीर वेगळं, एकाला वाजते, एकाला नाही. आक्काताईने मान डोलावली, पण तिच्या चेहऱ्यावरून तिला ते पटलेलं दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दिनकररावांना बारीकशी हुडहुडी भरली. आक्काताईने अख्ख्या वॉर्डाला पेढे वाटले!

*

या औषधाची आणखी एक खोड होती. ते फक्त साखरेच्या सलाइनमध्ये मिसळायचं, मिठाच्या नाही. मिठाच्या पाण्यात ते फाटतं. आत्याने शिकाऊ नर्सना हे इतक्या वेळा सांगितलं होतं की बाकावर बसून मलाही पाठ झालं होतं.

एकदा आत्या जेवायला गेली असताना एका नव्या मुलीने घाईघाईत मिठाच्या बाटलीतच औषध सोडलं. बाटली पांढरट झाली, तिच्यात गोळे फिरायला लागले. मुलगी घाबरून बाटली हातात धरून उभी राहिली. तेवढ्यात आत्या आली.

"हे काय आहे?"

"औ... औषध, सिस्टर."

आत्याने बाटली उजेडात धरली आणि पुरती हलवून बघितली. एवढं महाग औषध वाया गेलं म्हणून ती आता काय करते इकडे सगळ्यांचे डोळे लागले होते.

"आता असं कर," आत्या म्हणाली. "तूप तापव. जिरं, मिरची, कढीपत्ता घाल. चांगली फोडणी दे आणि मेसमध्ये पाठवून दे. बुधवारी त्यांच्याकडे कढीच असते."

*

डॉक्टर बर्व्यांना एक प्रश्न छळायचा. बाटली सगळ्यांना सारखी, पण रक्तात औषध खरंच किती पोचतं? ते मोजायला त्यांनी पुण्याच्या एका मित्राकडून थर्मासमध्ये एक यीस्ट आणलं. यीस्ट म्हणजे पाव फुगवणाऱ्या बुरशीची एक बहीण. लॅबमध्ये काचेच्या थाळीत खरवसासारखा एक थर लावायचा, त्यात ते यीस्ट मिसळायचं, मध्ये बारीक खड्डे पाडायचे आणि खड्ड्यात रोग्याच्या रक्तातलं पाणी सोडायचं. दुसऱ्या दिवसापर्यंत सगळी थाळी यीस्टने दुधाळ होते. पण खड्ड्यातल्या पाण्यात औषध असेल तर खड्ड्याभोवती यीस्ट वाढत नाही, तिथे स्वच्छ गोल राहतो. गोल जेवढा मोठा तेवढं रक्तात औषध जास्त.

डॉक्टर हा गोल मिलिमीटरमध्ये मोजायचे. पण हिराबाई रोज विचारायची, "आज किती आलं?" आणि मिलिमीटर सांगून तिला काही कळायचं नाही. म्हणून आत्याने सांगितलं, "दिनकररावांचं आलंय लहान मुलीच्या बांगडीएवढं. आणि बिरूचं आलंय जोडव्याएवढं."

तेव्हापासून वॉर्डात तेच माप चालू झालं. सकाळी लॅबचे पवार दारात दिसले की खाटांवरून आवाज यायचे, "पवार, आज बांगडी का जोडवं?" दिनकररावांची नेहमी बांगडी यायची. बिरूचं नेहमी जोडवं. आणि रोज ते ऐकून हिराबाई बिरूच्या पायथ्याशी जाऊन बसायची.

एकदा तिने आत्याला थाळी दाखवायला सांगितलं. आत्याने लॅबमधून आणून दाखवली. हिराबाईने थाळी जमिनीवर ठेवली, तिच्याशेजारी आपला पाय ठेवला आणि बराच वेळ बघत राहिली.

"सिस्टर," ती म्हणाली, "माजं जोडवं ह्येच्यापरीस मोठं हाय की वो!"

*

दोघांना मात्रा सारखी, मग रक्तात एवढा फरक कसा? डॉक्टरांना शंका आली की वजनातच चूक झाली असेल. मात्रा वजनावर ठरते. दिनकरराव वॉर्डातल्या काट्यावर उभे राहू शकायचे, बिरू नाही. म्हणून बिरूला स्ट्रेचरवरून कोठीघरात नेलं. तिथे ज्वारीची आणि तांदळाची पोती तोलायचा मोठा काटा आहे.

कोठीवाले काका म्हातारे झालेत, त्यांना कमी दिसतं. सगळा जन्म त्यांनी पोतीच मोजली. बिरूला चादरीसकट काट्यावर ठेवलं, काकांनी वजनं लावली, काटा स्थिर झाला. बिरूचं वजन दिनकररावांच्या वजनाएवढंच भरलं.

डॉक्टर निराश झाले. वजनात चूक असती तर सगळं सोपं झालं असतं.

काकांनी सवयीने खडूने भिंतीवर रेघ ओढली आणि विचारलं, "हे कुठं रचू?"

*

मग डॉक्टरांना वाटलं, थाळीच चुकत असेल. त्यांनी लॅबची तपासणी सुरू केली. आणि खरोखरच एक दिवस थाळी उघडली तर यीस्टमध्ये दुसरेच काहीतरी ठिपके उगवलेले! डॉक्टरांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली धरले.

"पवार, हे दह्यातले जंतू आहेत. लॅबमध्ये दही कुठून आलं?"

लॅबमध्ये थाळ्या ऊबदार ठेवायचं एक कपाट असतं. त्याची ऊब दिवसरात्र अगदी एकसारखी. पवार खाली बघत उभे राहिले. डॉक्टरांनी कपाटाचा खालचा खण उघडला. आत कल्हई लावलेलं पितळेचं पातेलं होतं, त्यावर स्वच्छ फडकं बांधलेलं.

"लॅबमध्ये विरजण? रोग्यांच्या रक्ताशेजारी? पवार, तुम्हाला काही वाटतं का?"

"सर, थंडीत घरी दही लागत नाही," पवार म्हणाले. ते तसे मितभाषी होते, पण त्या दिवशी आणखी एक वाक्य बोलले. "आणि डब्याला बसल्यावर आठवडाभर तुम्हीच म्हणताय, वा पवार, काय घट्ट दही आहे!"

पातेलं लॅबबाहेर गेलं. नवी थाळी लावली. बिरूचं पुन्हा जोडवंच आलं.

*

त्याच सुमारास मुंबईहून एक मोठे डॉक्टर मिरजेला कुणाच्या लग्नाला आले होते. बर्व्यांनी त्यांना बिरूला बघायला बोलावलं. मोठे डॉक्टर सुटाबुटात आले. मागे आमचे सगळे डॉक्टर, त्यांच्यामागे नर्स, त्यांच्यामागे वॉर्डबॉय. वॉर्ड झाडून पुसून चकचकीत केला होता. हिराबाई आणि आक्काताईला भिंतीला टेकून उभं राहायला सांगितलं होतं.

मोठ्या डॉक्टरांनी बिरूची मान हलवून बघितली, डोळ्यांत बॅटरी टाकून बघितली. इंग्रजीत पुष्कळ बोलणं झालं. मग त्यांनी मराठीत विचारलं, "रक्तात लेव्हल किती येते?"

डॉक्टर बर्वे खिशातून कागद काढेपर्यंत सगळा वॉर्ड एका सुरात म्हणाला, "जोडवं!"

मोठे डॉक्टर हळूच बर्व्यांकडे झुकून म्हणाले, "हे युनिट कुठलं?"

चहाच्या वेळी मात्र ते गंभीरपणे बोलले. बोलणं व्हरांड्यात चालू होतं, म्हणून मी ऐकलं. "बर्वे, इतक्या आजारी माणसात पुस्तकातलं गणित लागत नाही. ताप आहे, पोटात अन्न नाही, यकृत दमलंय, मूत्रपिंडं दमलीत. प्रत्येकाचं शरीर औषधाचं काय करेल, सांगता येत नाही. दोन माणसांचं सोडा, एकाच माणसाचं सोमवारचं गुरुवारी जुळत नाही."

"मग मात्रा वाढवू का?"

"वाढवली तर मूत्रपिंडं बसतील. नाही वाढवली तर बुरशी जिंकेल. मी काय सांगू? खाटेशेजारी तुम्ही आहात."

आणि ते बशीत उरलेला चहा पिऊन लग्नाला निघून गेले.

*

आता शेवटचा किस्सा.

डॉक्टर बर्व्यांनी हिराबाईला बोलावून स्पष्ट सांगितलं, "उद्या सकाळी दोघांचं रक्त काढू. थाळीत बिरूची बांगडी आली तर आहे तीच मात्रा चालू ठेवतो. जोडवं आलं तर वाढवतो. वाढवण्यात धोका आहे, त्याची मूत्रपिंडं आधीच कुरकुरतायत. पण मग दुसरा इलाज नाही."

"आन बांगडी आली तर धोका न्हाई?"

"मग कशाला वाढवू?"

हिराबाई खाटेशेजारी जाऊन बसली. त्याच दुपारी आत्या आणि मी रहिमतपूरला घरच्या एका साखरपुड्यासाठी गेलो. आत्याच्या जागी दुसऱ्या वॉर्डाची एक नवी सिस्टर दोन्हीकडे बघणार होती. त्यामुळे पुढचं आम्ही पाहिलं नाही. ते दिनकररावांनी सांगितलं. त्यांच्या पोटात काही राहत नाही.

झालं असं, की संध्याकाळचा राउंड संपल्यावर हिराबाई आक्काताईपुढे येऊन उभी राहिली. दिनकररावांच्या आधी त्या खिडकीजवळच्या खाटेवर एक मास्तर होते, ते याच औषधाने बरे होऊन चालत घरी गेले होते. हिराबाईने हे सगळं बघितलं होतं.

"आक्का," ती म्हणाली, "ह्या खाटेला औषध मानवतं. रगात काढस्तवर एवढी खाट द्या मला. सकाळच्याला परत घ्या."

आक्काताईने बिरूच्या खाटेकडे बघितलं. मग नवऱ्याला म्हणाली, "उठा."

"कुठं?"

"त्या खाटंवर."

"आगं, पर डॉक्टर..."

"उठा म्हणलं न्हवं!"

दिनकरराव उठले. एवढंच नाही, तर चादरीची दोन टोकं त्यांनी स्वतः धरली, दोन टोकं बायकांनी धरली आणि बिरूला घोंगड्यासकट उचलून खिडकीजवळ ठेवलं. नवी सिस्टर कुणालाच चेहऱ्याने ओळखत नव्हती. पहाटे लॅबचे पवार आले. ते नेहमी खाटेचा नंबर बघून रक्त काढतात आणि बाटलीवर फक्त नंबर लिहितात. अर्धवट उजेडात त्यांनी दोन दंड पुढे घेतले, दोन बाटल्या भरल्या आणि ते गेले. डॉक्टर राउंडला यायच्या आत दोघं आपापल्या खाटेवर परत होते.

दुसऱ्या दिवशी थाळी उघडली. दाराजवळच्या खाटेची बांगडी! खिडकीजवळच्या खाटेचं जोडवं!

डॉक्टर बर्वे व्हरांड्यातून पळत आले म्हणतात. "हिराबाई, बांगडी आली! आता मात्रा वाढवायला नको!" हिराबाईने हात जोडले ते खिडकीजवळच्या खाटेला. डॉक्टरांनी दुसरा हुकूम लिहिला, दिनकररावांच्या रक्तातलं औषध एकाएकी कमी झालंय, त्यांची मात्रा आजपासून वाढवा.

आम्ही दुपारच्या एस.टी.ने आलो. आत्या घरी न जाता सरळ वॉर्डात गेली, तिच्यामागे लाडवांची पिशवी घेऊन मी. तिने हुकूम वाचला, दिनकररावांची वाढीव मात्रेची बाटली तयार केली, काळा कागद गुंडाळला आणि बाटली टांगली. मग ती त्यांची चादर नीट करायला लागली आणि थांबली. पांढऱ्या चादरीवर काळी लोकर होती.

"दिनकरराव, तुम्ही मेंढरं कधी घेतली?"

दिनकरराव छताकडे बघायला लागले. आक्काताईने कधी न हलणारा पदर नीट केला.

आत्याने नळी सरळ केली. "आजपासून मात्रा वाढवली आहे. थंडी जास्त वाजेल, घाबरू नका."

दाराजवळून हिराबाईने विचारलं, "कुणाची वाडवली?"

"दिनकररावांची. त्यांचं जोडवं आलं ना."

हिराबाई उभी राहिली. तिने बिरूकडे बघितलं. मग बाटलीकडे. आत्याने सुई हातात घेतली होती.

"सिस्टर, सुई नगा लावू," हिराबाई म्हणाली. "ते जोडवं आमचं हाय."

आत्याने बाटली खाली उतरवली आणि मला डॉक्टरांना बोलवायला पाठवलं.

डॉक्टर आले, सगळं ऐकलं आणि स्टुलावर बसले. ते ओरडतील असं मला वाटलं होतं, पण ते ओरडले नाहीत. "दोघांनाही घालवलं असतं मी," एवढंच म्हणाले. मग उठून त्यांनी बिरूची मात्रा वाढवली. आणि पवारांना सांगितलं, यापुढे बाटलीवर नाव लिहायचं, आणि नाव माणसाच्या तोंडून ऐकून लिहायचं. बिरू बोलत नसेल तर हिराबाईच्या तोंडून.

वाढीव मात्रेने बिरूची खाट पहिल्यापेक्षा जोरात वाजायला लागली. मूत्रपिंडं कुरकुरली, पण बसली नाहीत. थाळीतलं जोडवं हळूहळू अंगठीएवढं झालं. त्याची बांगडी शेवटपर्यंत झाली नाही. पण एका सकाळी बिरूने डोळे उघडले, मान वळवली आणि विचारलं, "मेंढरं कुणाकडं हायती?"

"भावजींकडं," हिराबाई म्हणाली.

"मग मला बिगीनं घरला न्ये. त्यो पार वाट लावंल."

दिनकररावांची बांगडी मात्र कायम राहिली आणि तीच त्यांना बाधली. मूत्रपिंडं रुसली, औषध थांबवावं लागलं, मग पुन्हा थोडं थोडं सुरू केलं. त्यामुळे बिरू घोंगडं खांद्यावर टाकून चालत आटपाडीच्या एस.टी.कडे निघाला, तेव्हा दिनकरराव अजून खाटेवरच होते. आता ते द्राक्षांबद्दलही फारसं बोलत नव्हते. आक्काताई हिराबाईला फाटकापर्यंत सोडून आली आणि नवऱ्याची चादर बदलायला लागली.

डॉक्टर बर्वे तिथेच उभे होते. खाटांच्या अदलाबदलीचा विषय त्यांनी त्या दिवसापासून काढला नव्हता.

"आक्काताई, एक विचारू? हिराबाईचं मी समजू शकतो. तिला वाटलं, खाटेला गुण आहे. पण तुमचा तर असल्या गोष्टींवर विश्वास नसेल ना?"

"आवं, नसंल कसा? लय हुता."

"विश्वास होता? आणि तरी खाट दिलीत? तुमचे मालक बरे झालेले नसताना?"

आक्काताईने चादरीचं टोक गादीखाली खोचलं, हाताने सुरकुती काढली आणि त्यांच्याकडे बघितलं.

"इस्वास हुता म्हणूनच दिली की, डाक्टर. नुसती खाट घिऊन ती काय करणार हुती?"